पत्त्यांच्या कॅटात पानं किती? (संख्याशास्त्र, संस्कृती वगैरे)

मध्यक: चार-पाच देशांतल्या मुलांना ऑनलाइन संख्याशास्त्र शिकवते. परीक्षेत नेहमीचाच प्रश्न घातला होता: कॅटातून एक पान ओढलं, तर तो बादशहा असण्याची संभाव्यता किती? उत्तर १/१३. एका जर्मन मुलाने १/८ लिहिलं, मी फुली मारली. त्याचा निरोप आला, "आमच्या कॅटात ३२ पानं असतात." खरंच की! स्काट हा त्यांचा खेळ ३२ पानांवर चालतो, बादशहा चारच. स्पॅनिश कॅट ४० पानी घेतला तर उत्तर १/१०. आपण संभाव्यता तपासतोय की पत्त्यांची ओळख? माझं मत : उदाहरणं मुलांच्या जगातलीच हवीत.

तिरपी रेघ: प्रश्नात "५२ पानं, ४ बादशहा" एवढं लिहिलं असतंत तर हा धागाच निघाला नसता. ही प्रश्न काढण्यातली हयगय झाली, तिला संस्कृती कशाला म्हणायचं? आणि ओळखीची उदाहरणं तर जास्त घातक. पगार, लग्न, परीक्षेचे निकाल असला विदा (डेटा) दिला की मुलं आलेख बघतच नाहीत, घरी ऐकलेलं मत ठोकून देतात. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३६ साली एका लेखात वापरलेली आयरिसची १५० फुलं (त्यांच्या पाकळ्यांची मापं) अजून का चालतात? पाकळीच्या लांबीबद्दल कुणाचंच काही मत नसतं, म्हणून.

विदाखोर: फिशरचा तो लेख 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये, म्हणजे माणसांची 'जात सुधारू' पाहणाऱ्या सुप्रजननवाद्यांच्या नियतकालिकात आला होता, तेव्हा फुलंही अगदीच निष्पाप नाहीत. असो. मला मोटारींचं उदाहरण जास्त पटतं. 'एमटीकार्स' या गाजलेल्या विदासंचात ३२ मोटारी आहेत, त्यांचं इंधन मैल प्रति गॅलनमध्ये. युरोपातला मुलगा विचार करतो तो १०० किलोमीटरला किती लिटर, असा. म्हणजे थेट व्यस्त! वजनासमोर मांडा: एका मापात ठिपके वाकतात, दुसऱ्यात बरेच सरळ येतात. एक गाडी लिटरला १० किमी देते, दुसरी ४०. दोघी सारखंच अंतर धावल्या तर सरासरी २५ नव्हे, १६. लिटरवाल्या मुलाला (१०० किमीला १० आणि २.५ लिटर, सरासरी ६.२५) हे आपोआप कळतं. आपल्याला त्यासाठी हरात्मक मध्य (व्यस्तांची सरासरी काढून पुन्हा तिचा व्यस्त) शिकवावा लागतो.

तिरपी रेघ: हा एककांचा प्रश्न झाला. उद्या दशांशचिन्हालाही संस्कृती म्हणाल.

विदाखोर: म्हणतोच! जर्मनीत १,२५० म्हणजे सव्वा. तिथली फाइल न बघता उघडा आणि सरासरी काढून दाखवा.

शून्यगृहीतक: भाषेचं कुणीच बोलत नाही. संख्याशास्त्रात 'लक्षणीय फरक' म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारा फरक, पण मुलं 'मोठा फरक' समजतात. नमुना पुरेसा मोठा असेल तर दोन ग्रॅमचा फरकही लक्षणीय ठरतो. इंग्रजीतही हाच घोळ आहे, त्यामुळे याचा दोष भाषांतरावर टाकता येत नाही.

मध्यक: त्या मुलाचे गुण दिले. @तिरपी रेघ, पानांची संख्या लिहायला हवी होती, मान्य. पण ती लिहायची असते हे मला सुचलंच नाही, माझा मुद्दा तोच आहे. पुढच्या वेळी "तुमच्या कॅटात किती पानं ते आधी लिहा" असं विचारणार.

तिरपी रेघ: आणि ज्याने पत्ते कधी हातातच घेतले नाहीत त्याने?

मध्यक: त्याला पिशवीतले लाल-निळे चेंडू.

तिरपी रेघ: तसली पिशवी कोणत्या संस्कृतीत असते?