मदत हवी आहे: 'डिसेप्शन'मध्ये साक्षीदाराला वाचवायचं कसं?

नमस्कार मंडळी,

'डिसेप्शन: मर्डर इन हाँगकाँग' इथे कोणी खेळतं का? सुट्टीत सगळे जमले की आमच्याकडे हल्ली पत्त्यांच्या आधी हाच डबा निघतो. सात-आठ जण असतो: मावशी, काका आणि आम्ही भावंडं. मला हा खेळ फार आवडतो, कारण यात कोणी मधेच बाद होऊन कोपऱ्यात बसत नाही. 'माफिया' या खेळात आमच्या मावशीला पहिल्याच रात्री मारायचे आणि ती बिचारी चहा करायला उठायची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकासमोर चार निळे पत्ते (खुनाचं साधन) आणि चार लाल पत्ते (पुरावा) उघडे मांडलेले असतात. सगळे डोळे मिटतात. खुनी आपल्या पत्त्यांतला एक निळा, एक लाल दाखवतो. ते दोन पत्ते फॉरेन्सिक तज्ज्ञ बघतो, आणि खुन्याच्या साथीदारालाही कळतात. मग तज्ज्ञाने अवाक्षर न बोलता, समोरच्या सहा तक्त्यांवर (मृत्यूचं कारण, जागा वगैरे, प्रत्येकावर सहा पर्याय) लाकडी गोळ्या ठेवून आम्हा तपासनिसांना दिशा द्यायची. प्रत्येकाला एकच बिल्ला, म्हणजे नेमका आरोप एकदाच करता येतो. साधन आणि पुरावा दोन्ही जुळले तरच खून उलगडला. हे सगळं तीन फेऱ्यांत.

अडचण अशी की खून आम्ही बऱ्याचदा उलगडतो, पण शेवटी खुनी साक्षीदाराला बरोबर ओळखतो आणि डाव घेऊन जातो. साक्षीदार हा तपासनिसांपैकीच एक; त्याला खुनी आणि साथीदार हे दोघं कोण हे ठाऊक असतं, त्यांतला खुनी कोण ते मात्र नसतं. त्यामुळे आमचा साक्षीदार एक तर गप्प बसतो, नाही तर सारखा त्याच दोघांच्या पत्त्यांवर बोट ठेवतो. दोन्हीकडून पकडला जातो. मावशीवर ही भूमिका आली की ती अगदी कानकोंडी होते.

दुसरा प्रश्न तज्ज्ञाबद्दल. तक्त्यावरच्या सहा पर्यायांपैकी एकही लागू नसेल, तर गोळी कुठे ठेवायची?

पाऊलवाट:
साक्षीदार एकटा स्वतःला वाचवू शकत नाही, बाकीच्या तपासनिसांनी त्याला वाचवायचं असतं. तुमच्याकडे साधे तपासनीस 'मला काही कळत नाहीये' म्हणत बसत असतील, तर ठामपणे बोलणारा एकच उरतो आणि तो उघडा पडतो. म्हणून काहीही माहीत नसताना प्रत्येकाने पहिल्या फेरीपासून कुणावर तरी जोरात संशय घ्यायचा. चार जण खात्रीने बोलले की खुन्याला चौघांतून निवडावं लागतं.

मावशींना एवढंच सांगा: जे बोलाल त्याला टेबलावरच्या गोळीचा आधार द्या. 'मला हा वाटतो' नको. 'मृत्यूचं कारण गुदमरणं आहे, याच्याकडे उशी आहे, तिच्याकडे दोरी आहे' असं एका निर्दोष माणसाला जोडून बोलायचं. खरं नाव दुसरं घ्यायचं, पहिलं नाही.

शिंपला:
तज्ज्ञाचं उत्तर मी देते, कारण मला तीच भूमिका सगळ्यांत आवडते. गोळ्यांचा क्रम हीच तज्ज्ञाची भाषा. सहाही तक्ते आधी नीट वाचायचे, जिथे पर्याय चपखल बसतो तिथे पहिली गोळी. निरुपयोगी तक्ता शेवटी ठेवायचा, त्यावर त्यातल्या त्यात जवळचं ठेवून मोकळं व्हायचं. शेवटच्या गोळ्यांना फार वजन द्यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं.

समजा, खून उशीने झालाय आणि पुरावा घड्याळ. 'गुदमरणं' पहिलं. पण टेबलावर गुदमरवणारी तीन-चार साधनं असतातच, म्हणून जागेच्या तक्त्यावर 'शयनगृह' दुसरं. एवढ्यात साधन जवळपास सुटतं, उरलेले तक्ते घड्याळासाठी वापरता येतात. पुष्कळ तज्ज्ञ साधनावरच सगळ्या गोळ्या खर्च करतात आणि लाल पत्ता शेवटपर्यंत अंदाजावर राहतो.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत नवा तक्ता आला की जुना एक काढावा लागतो (कारण आणि जागा सोडून). कोणता काढला त्याकडे लक्ष ठेवा. दिशाभूल करणारा तक्ता काढून टाकणं हाही एक इशाराच आहे.

कातरवेळ:
साक्षीदाराने मुद्दाम चुकीचा आरोप करून बिल्ला टाकून द्यावा, म्हणजे कुणाला शंका येत नाही. आम्ही हे करतो.

पाऊलवाट:
कातरवेळ, दहा-बारा जण असतील तर चालेल. सात-आठांत तज्ज्ञाला बिल्ला नसतो, खुनी आणि साथीदाराचे आपल्या कामाचे नाहीत, म्हणजे हाती चार-पाचच उरतात. त्यातला एक फेकणं मला महाग वाटतं. त्यापेक्षा साक्षीदाराने बिल्ला शेवटपर्यंत राखावा आणि उलगडा दुसऱ्याच्या तोंडून होऊ द्यावा.

आणि तीस सेकंदांचा नियम पाळता का? प्रत्येक फेरीत एकेकाने बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. हा वगळला की मोठ्या आवाजाचा एक जण डाव चालवतो आणि मावशींसारखी माणसं गप्प होतात. मग गप्प आहे तो साक्षीदार, हे खुन्याला वेगळं शोधावं लागत नाही.

धागाकर्ती:
पाऊलवाट, शिंपला, मनापासून आभार. तीस सेकंदांचा नियम आम्ही पाळतच नव्हतो, सगळे एकदम बोलतात. गोळ्यांच्या क्रमाचंही आमच्यात काही ठरलेलं नाही, त्यामुळे शेवटच्या गोळीवर काका वाद घालत बसतात. दोन्ही या रविवारी सुरू करते. एक विचारायचं राहिलं: कधीकधी पाचच जण असतो, तेव्हा साक्षीदार ठेवायचा का?

शिंपला:
नाही. साथीदार आणि साक्षीदार दोघंही सहा किंवा जास्त जण असतील तेव्हाच. पाचात एक तज्ज्ञ, एक खुनी, तीन तपासनीस. मावशींना आधी अशा छोट्या डावात तज्ज्ञ करून बघा, गोळ्या वाचायची सवय तिथेच लागते.