मदत हवी आहे: अंटार्क्टिकाच्या ट्रेनिंगची तयारी

नमस्कार मंडळी, मी नाशिकची, जिऑलॉजीवाली. अंटार्क्टिका मोहिमेसाठी नाव गेलंय, आता मेडिकल आणि मग उत्तराखंडात औलीला आयटीबीपीचं (भारत-तिबेट सीमा पोलिसांचं) बर्फातलं ट्रेनिंग. रोज पहाटे पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन पांडवलेणीच्या पायऱ्या चढते, रविवारी अंजनेरी, दमाचं टेन्शन नाही, खरी भीती बोटांची आहे. मागच्या जानेवारीत निफाडला पहाटे नोंदी घेताना ती इतकी बधिर झाली की पेनाचं टोपण निघेना, आणि अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री स्टेशनवर तर वारा सुटला की विचारायलाच नको.

औलीला कोणी जाऊन आलंय का? जाड हातमोजे घालून दोराच्या गाठी मारायच्या, पेन्सिलीने लिहायचं, हा सराव इथे उकाड्यात कसा करू? हिमभेगेत पडलेल्याला दोराने वर ओढायचं नाशिकमध्ये कोण शिकवतं? प्लीज सांगा, खूप वर्षांचं स्वप्न आहे हे.