मदत हवी आहे: स्क्वॉटचं वजन वाढलं, पण लेकीची उडी होती तिथेच

नमस्कार मंडळी,

मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. पासिंग व्हॉलीबॉल खेळते, चार नंबरवरून (नेटच्या डाव्या टोकाहून) स्मॅश मारते. (आमच्या भागात नुसतं व्हॉलीबॉल म्हटलं की निम्मे लोक शूटिंग व्हॉलीबॉल हा वेगळा प्रकार समजतात, म्हणून पासिंग मुद्दाम लिहिलं.) उंची १६८ सेंमी. हात वर करून सरळ उभी राहिली की बोटं २.१६ मीटरला लागतात. महिलांचं नेट २.२४.

जूनमध्ये बोटांना खडूची पूड लावून भिंतीवर मोजलं. जागेवरून उडी मारून २.५४, भिंतीच्या कडेने पळत येऊन २.५९. मग जिम लावली. तेव्हा २५ किलोवर पाच स्क्वॉट मारताना पाय थरथरत होते, आता ४५ किलोवर पाच आरामात होतात. गेल्या आठवड्यात पुन्हा मोजलं तर जागेवरून २.५४ आणि पळत येऊन २.५८. म्हणजे चार महिन्यांचा घाम गेला आणि वर एक सेंटिमीटर कमीच!

आठवड्यातून तीन दिवस जिम, सहा दिवस संध्याकाळी दोन तास मैदान. शिवाय सकाळी माझ्याबरोबर २०० बैठका. मी तालमीतला माणूस, त्यामुळे हे घरातच आलं. वजन ५४चं ५६ झालंय. महिन्याभरापासून गुडघा दुखतो म्हणते, वाटीच्या खालच्या टोकाला.

आता घरात दोन पक्ष आहेत. आजी म्हणते, वजनं उचलून पोरीची वाढ खुंटली. जिमवाला म्हणतो, वजन आणखी वाढवा. मी कुणाचं ऐकू?

— बैठकवाला

रशियन पद्धत: बॉक्सवरून खाली उडी मारायची आणि पाय टेकताक्षणी परत वर. मीटरभर उंचीवरून. सोव्हिएत खेळाडू हेच करायचे. महिन्यात फरक दिसेल.

जुना लिफ्टर: दादा, थांबा जरा. ही पद्धत सोव्हिएत प्रशिक्षक वेर्खोशान्स्की यांची, १९६०च्या दशकातली, आणि ती वर्षानुवर्षं वजनं मारून तयार झालेल्या गड्यांसाठी होती. गुडघा दुखणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला मीटरभरावरून खाली टाकणं म्हणजे आगीत तेल. पुढेमागे करायचंच तर ३० सेंमीपासून, तेही दुखणं पूर्ण थांबल्यावर.

बैठकवाले, दोन गोष्टी सांगा. जूनमध्ये कोणत्या वेळी मोजलंत आणि आता कोणत्या वेळी? आणि मैदानावर ती रोज अंदाजे किती उड्या मारते?

बैठकवाला: जूनमध्ये सकाळी, सुट्टीत. आता रात्री सरावानंतर, मैदानातच. उड्या कधी मोजल्या नाहीत. नेटवर स्मॅश, मग ब्लॉक, मग मॅच. दीडशे तरी असतील.

जुना लिफ्टर: घ्या! सकाळची ताजी उडी आणि दीडशे उड्यांनंतरची उडी, यांची तुलना कशी करणार? दमलेल्या पायांनी ती जूनइतकीच उडतेय, यावरून उलट जोर वाढलाय असंच दिसतं. दोन दिवस पूर्ण विश्रांती द्या, सकाळी अंग गरम करून पुन्हा मोजा.

आता खरी मेख. जागेवरून २.५४ आणि पळत येऊन २.५८, म्हणजे धावेतून तिला जेमतेम चार सेंमी मिळतात. चांगल्या स्मॅशरला याहून बरंच जास्त मिळतं. तिची धाव वायाच चाललीय, आणि स्क्वॉट ६० किलोवर गेला तरी ती आपोआप सुधारणार नाही. उजव्या हाताची असेल तर धावेची पावलं डावा-उजवा-डावा. पहिलं पाऊल सावकाश, शेवटची दोन झटकन. उजवा पाय लांब पडतो, टाच आधी टेकते, दोन्ही हात मागे गेलेले असतात, मग डावा शेजारी येतो आणि हात वर फेकले जातात. हातांचा झोका हा शोभेचा भाग नाही. उडीतला दहा टक्क्यांच्या आसपासचा वाटा तिथून येतो. घरी करून बघा, एकदा कमरेवर हात ठेवून उडी आणि एकदा झोक्यासह. फरक फारच कमी निघाला तर हात नुसतेच लोंबकळतायत.

दुसरं म्हणजे स्क्वॉट सावकाश असतो. स्मॅशच्या उडीत पाय जमिनीला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास टेकलेले असतात, आणि पायातला सगळा जोर बाहेर यायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून कमावलेला जोर चटकन काढायला वेगळं शिकावं लागतं: मोजक्या, पूर्ण ताकदीच्या उड्या, मध्ये दोन-तीन मिनिटं बसून. दमून मारलेल्या शंभर उड्यांनी दम वाढतो, उंची नाही.

आणि राग मानू नका, पण २०० बैठका बंद करा. बैठक वाईट नाही, कुस्तीला उत्तमच. पण ती दमाची कसरत आहे, आणि टाच उचलून खोल जाताना सगळा भार त्याच दुखऱ्या जागेवर येतो.

गुडघेदुखीतून गेलेली: मी कॉलेज संघात मिडलला (नेटच्या मधल्या जागेवर) खेळायचे. वाटीच्या खालच्या टोकाला बोट ठेवून दुखतं म्हणाल्यावर मला आधी 'जम्पर्स नी' आठवतो. वाटीपासून नडगीकडे जाणाऱ्या दोरीला (टेंडनला) अतिवापराने त्रास होतो. नडगीच्या वरच्या उंचवट्यावर दुखत असेल तर ते वेगळं, वाढीच्या वयातलं दुखणं; मुलींमध्ये ते बहुधा याहून लहान वयात दिसतं. पण इथे बसून कुणी निदान करू नये. खेळाडूंची सवय असलेल्या फिजिओथेरपिस्टला दाखवाच.

माझ्या वेळी मी पूर्ण खेळ बंद करून दोन महिने घरी बसले, आणि परत आले तर पहिल्याच आठवड्यात दुखणं हजर. विश्रांतीने दोरी मजबूत होत नाही हो काकू... सॉरी, काका! मला फिजिओने भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं ४५ सेकंद धरायला लावलं, पाच वेळा. मग सावकाश स्क्वॉट, आणि उड्या सगळ्यात शेवटी. नियम एकच होता: दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना वाढलेलं नको. वाढलं तर आदल्या दिवशीचं जास्त झालं.

आजींना सांगा, नीट शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली वजनं उचलल्याने उंची खुंटत नाही. सोळाव्या वर्षी बहुतेक मुलींची उंची तशीही जवळपास पूर्ण झालेली असते.

शंकेखोर: खडूच्या पुडीत भिंतीकडे हात किती वाकला, खांदा किती ताणला, यावर दोन-तीन सेंमी सहज इकडेतिकडे होतात. मोबाइलच्या स्लो मोशनने मोजा. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंतचे सेकंद काढा, त्यांचा वर्ग करा, १.२२६ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये. ०.५६ सेकंद म्हणजे ३८ सेंमी. पण सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोड हवा. ३० चित्रांच्या साध्या व्हिडिओत एक चित्र चुकलं की उत्तर पाच सेंमीने हलतं. आणि गुडघे दुमडून उतरली तर हवेतला वेळ खोटाच वाढतो, हे तिला आधी सांगा.

रशियन पद्धत: आपला गाजलेला व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज काय फिजिओला विचारून उडायचा का?

जुना लिफ्टर: १९८६ला सोलच्या एशियाडमध्ये आपल्या पुरुषांनी कांस्य घेतलं तेव्हा मी शाळेत होतो. जिमी जॉर्जची नक्कल करत आम्ही मुरमाच्या मैदानावर दिवसभर उडायचो. त्यातल्या तिघांचे गुडघे आज जिना चढू देत नाहीत. माझाही.

बैठकवाले, माझ्या मते आठवडा असा करा. जिम दोनच दिवस, त्या दिवशी मैदानावर नेटचा सराव नको. फिजिओने उड्यांना हो म्हटलं तर आधी ताजेपणी ३०-४० उड्या, मग स्क्वॉट, मांडीच्या मागच्या बाजूसाठी डेडलिफ्ट, पोटऱ्या. तीन फेऱ्या पाच-पाचच्या पुरे. बाकी दिवशी कोचला सांगून स्मॅश मोजून मारू द्या. उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे आत न वळता. एका पायावर धपकन उतरण्याची सवय असेल तर आधी ती मोडा.

बैठकवाला: तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. फिजिओ बाईंनी वाटीखालच्या दोरीचंच निदान केलं. भिंतीला टेकून बसणं चालू आहे, दुखणं कमी आहे पण गेलेलं नाही. जिम दोन दिवस. कोच आधी नाराज झाले, मग त्यांनीच स्मॅश मोजायला एक पोरगी बसवली.

दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर, बाईंची परवानगी घेऊन, काल सकाळी तीन-तीनच उड्या मोजल्या. जागेवरून २.५७, पळत येऊन २.६१. म्हणजे जोर आलाय, धाव मात्र अजून चारच सेंमी देते. शेवटचं पाऊल लांब टाक म्हटलं की ती चेंडूच्या खाली घुसते आणि डोक्यामागून मारते. यावर काही?

बैठका आता मी एकटाच घालतो.

जुना लिफ्टर: ती लवकर निघतेय. चार नंबरवरची उंच लिफ्ट (स्मॅशसाठी उचलून दिलेला चेंडू) असेल तर चेंडू तो देणाऱ्या लिफ्टरच्या हातातून सुटेपर्यंत तिला तीन मीटरच्या रेषेमागे उभी ठेवा. पहिले चार दिवस उशीर होईल, चेंडू हुकतील. हुकू द्या.