मदत हवी आहे: डिशवॉशर पाणी तापवत नाही, सेन्सर बदलू का?

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. ७० अंशांचा प्रोग्रॅम लावला तरी भांडी थंडगार निघतात. कढईचा तेलकटपणा तसाच, डिटर्जंटची गोळीही अर्धवट विरघळलेली.

आधी हीटरवर संशय होता. प्लग काढून मल्टिमीटर लावला, तर साधारण २६ ओहम. २३० व्होल्टवर २ किलोवॉटच्या हीटरला तेवढंच हवं, म्हणजे तो ठणठणीत आहे. मग तळाच्या टाकीजवळचा तापमानाचा सेन्सर तपासला. तो एनटीसी आहे, म्हणजे पाणी तापेल तसा त्याचा रेझिस्टन्स उतरायला हवा. या प्रकारात २५ अंशांना १० किलोओहम हा नेहमीचा आकडा. माझा मात्र खोलीच्या तापमानाला जेमतेम दीड किलोओहम दाखवतो आणि गरम पाण्यात बुडवला तरी फारसा हलत नाही. माझा अंदाज असा की मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाला पाणी आधीच सत्तरीपार गेल्यासारखं दिसतं, म्हणून तो हीटर सुरूच करत नाही.

सर्व्हिसवाले काका न मोजताच ‘अख्खा बोर्ड बदला’ म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. सेन्सरच्या मानाने बोर्ड फारच महाग, आणि चांगली वस्तू भंगारात का टाकायची?

ओरिजिनल सेन्सर मिळत नाहीये. दुसरा १० किलोओहमचा बसवला तर चालेल का, की बीटा व्हॅल्यूही (तापमानाबरोबर रेझिस्टन्स किती वेगाने बदलतो तो आकडा) तंतोतंत जुळायला हवी? जुना काढल्यावर रबरी रिंग नवीच टाकावी ना? आणि त्याआधी टाकीतलं उरलेलं पाणी कसं काढता? कुणी स्वतः हे काम केलं असेल तर जरूर सांगा.