मदत हवी आहे : नाशिकमध्ये खात्रीचे जपानी जेवण कुठे मिळेल?
अंबडच्या आमच्या कारखान्यात पुढील आठवड्यात जपानी पाहुणे येत असून, त्यांच्यासोबतच्या रात्रीच्या जेवणाला काही शाकाहारी सहकारीही असतील. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर चौकशी केली; तिथे चिनी-थाई पदार्थांच्या जोडीला थोडी सुशी एवढेच आढळले. कच्च्या माशाचा आग्रह नाही, रामेन, उदोन (दोन्ही नूडल्सचे प्रकार) किंवा तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेले पदार्थ) उत्तम असले तरी पुरे. मात्र मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपचा आधार असलेल्या दाशीत, म्हणजे पातळ रश्शात, सहसा बोनिटो माशाचे सुके काप असतात, त्यामुळे शाकाहाऱ्यांसाठी ती कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि शिताके अळंबीपासून वेगळी करून देणारे स्वयंपाकघर हवे. नुसते भाज्या घातलेले सूप चालणार नाही. वेळेअभावी मुंबई-पुण्याला जाणे शक्य नाही. नाशिकमध्ये आपण स्वतः जेवलेले असे ठिकाण कोणते, आणि तिथे आधी कळवल्यास शाकाहारी दाशी खरोखर वेगळी करून देतात का?