सहा अक्षरी नावं आणि एक टिंब

फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत व्हेरिएबलच्या (म्हणजे आकडा साठवायच्या जागेच्या) नावाला सहाच अक्षरं मिळायची, हा जुन्या लोकांचा आळस होता असं काही जण म्हणतात. पटत नाही. १९५७ ची फोरट्रान ज्या आयबीएम ७०४ या संगणकासाठी केली, त्याचा एक 'शब्द', म्हणजे मशीन एका वेळी हाताळतं तेवढा तुकडा, ३६ बिटांचा आणि एका अक्षराला ६ बिट. एका शब्दात मावतील तेवढीच अक्षरं, झालं. प्रोग्रामचं छिद्रांचं कार्ड ८० रकान्यांचं, पण मशीन त्यातले ७२ च वाचायचं, तेही ३६-३६ च्या दोन शब्दांच्याच हिशोबाने.

आमच्याकडे बेळगावला उद्यमबागेतल्या कारखान्यांत ही जागेची काटकसर अजून जिवंत आहे बरं का. जुन्या सीएनसी मशीनच्या (संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या) कंट्रोलची मेमरी मीटरमध्ये सांगतात, '८० मीटर टेप'. प्रोग्रामच्या छिद्रांच्या कागदी पट्टीवर इंचाला १० अक्षरं, म्हणजे जेमतेम ३२ केबी. जी-कोडमध्ये, म्हणजे या मशीनच्या हुकमांच्या भाषेत, जी०१ (सरळ रेषेत कापत जा) एकदा दिला की बदलेपर्यंत तोच चालू. दर ओळीला परत लिहायचा नाही. तेवढीच पट्टी वाचते. आणि टिंबाचं, म्हणजे दशांशचिन्हाचं, तर विचारूच नका. अशा कंट्रोलवर एक्स५० पुढे टिंब नसेल तर ते ५० मिलिमीटर नव्हे, ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ५० हजारांश. मी शिकाऊ असताना लेथवर नेमकं तेच लिहिलं. शेजारचा ऑपरेटर ओरडला, "अण्णा, चुक्की इल्ल!" म्हणजे कन्नडमध्ये 'टिंब नाही!' तोवर टूल थेट जॉबमध्ये घुसलं होतं. इन्सर्टचे (टूलच्या टोकाच्या कापणाऱ्या पात्याचे) तुकडे मी संध्याकाळपर्यंत धातूच्या चिप्सच्या ट्रेमधून वेचत होतो.