मदत हवी आहे: पावसाळा आला की लिखाण, आजारपण, वारी आणि पुराचं काम सगळं एकदम अंगावर येतं, यातलं काय कुणाकडे देऊ?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचीच, वय ४९, पतसंस्थेत नोकरी. गेली अकरा वर्षं रात्री जेवणं आवरल्यावर इथल्या राजकारणावर लिहिते, म्हणजे मुख्यतः पाणी, नाले, महापालिका, पूररेषेतली बांधकामं वगैरे. पोस्ट लांबलीय, पण वाचलीत तर उत्तर द्याच, कारण मला खरंच काही सुचेना झालंय.

तीन वर्षांपूर्वी संधिवात निघाला, रुमॅटॉइड. सकाळी उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत, कपाचा कान धरता येत नाही. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा असते, ती मी रविवारी रात्री घेते कारण रविवारचा दिवस भजनाला आणि आमच्या गटाला लागतो, मग सोमवार अख्खा मळमळीत जातो आणि तसंच कामावर जायचं.

गट म्हणजे २०१९ च्या पुरात आमच्या भागातली पोरं आणि आम्ही चार बायका मिळून जमलो तो. रजिस्टर नाही, पावतीपुस्तक नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका हे इथं शाळेतल्या पोरांना पण पाठ असतंय, पण ३९ व्हायच्या आधीच कुणाच्या घरात अंथरुणावरचं माणूस आहे, कुणाचं डायलिसिस चालू आहे, कुणाच्या दारात म्हशी आहेत त्यांना फोन लावायचे, हे आमचं काम. ती यादी माझ्याकडे, आणि रात्रीचे पाणीपातळीचे आकडे पण माझ्याकडे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडायला लागले की रात्रभर फोन उशाला.

आणि माळ. सासूबाई गेल्यावर त्यांची आषाढीची नंदवाळची पायी वारी मी धरली, एकादशी धरली, नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस असतातच. हे कुणी माझ्यावर लादलेलं नाही, मला त्यातूनच बळ येतं हे आधीच सांगते.

आता बघा, आषाढी, नदीचं चढणं, पावसाळी अधिवेशन आणि दमट हवेनं सांधे धरणं, सगळं त्याच चार-सहा आठवड्यांत. पूररेषेबद्दल लोक वाचतात ते पण तेव्हाच, पाणी दाराशी आल्यावर.

गेल्या पावसाळ्यात मी दोन रात्री निवारा केंद्रात थांबले, तिथं लहान पोरांना ताप-खोकला होता, आणि मी पुढं बारा दिवस छातीच्या इन्फेक्शननं झोपून. डॉक्टर म्हणाले या औषधानं प्रतिकारशक्ती कमी झालेली असते, पुराच्या पाण्यात पाय घालायचा नाही आणि आजारी माणसांच्या गर्दीत बसायचं नाही. मी हो म्हटलं. पण आमच्या गटातली एक पोहणारी मुलगी गळ्याएवढ्या पाण्यातून माणसं काढत असताना मी घरात कोरडी बसले की घास उतरत नाही.

दुसरं त्याहून अवघड. एक स्थानिक पुढारी दरवर्षी गटाला ट्रॅक्टर आणि डिझेल द्यायचे. मी नाल्याकडेच्या भरावावर लिहिलं, नाव घेतलं नव्हतं पण कळायचं त्यांना कळलं, आणि गटातल्या दादांना फोन आला की तुमच्या त्या बाईंकडूनच ट्रॅक्टर घ्या आता. दादा मला एक शब्द बोलले नाहीत, त्यामुळं जास्तच लागलं. त्यात मी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर लिहिलं, की राज्य सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं २०१९ च्या पुराला अलमट्टी जबाबदार धरलेली नाही, नदीतल्या आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलंय ते आपण कधी वाचणार, तर मला कर्नाटकवाली ठरवलं.

तिसरं, भजनातल्या एका वयस्कर माउलींनी सगळ्यांसमोर विचारलं की माळकरी बाईनं लोकांचे असे वाभाडे काढावेत का. मी तेव्हा गप्प बसले. पण रात्री एकला जे रागानं लिहिते तो राग सकाळी पूजेला बसल्यावर पण हातात असतो, हे खरं आहे, आणि त्याचं काय करावं कळत नाही.

कृपा करून "सगळं सोडा, आराम करा" असं सांगू नका, ते घरचे रोज सांगतात. ज्यांनी अशी दोन-तीन ओझी एकत्र वाहिलीत त्यांनी सांगा, काम दुसऱ्याच्या हाती कसं दिलंत? आणि लिखाणामुळं गटाचं नुकसान होऊ नये म्हणून काय करता येईल?

---

नदीकाठचा_शिरोळ: ताई, आधी हे सांगतो की अलमट्टीवर मी तुमच्या बाजूचा नाही. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करणार म्हटल्यावर आमच्या तालुक्यात झोप कुणाला लागणार? आमच्याकडं कृष्णा आणि पंचगंगा दोन्हींचं पाणी, चढतं सावकाश आणि उतरायला त्याच्या दुप्पट दिवस. २०१९ ला माझ्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. पण त्यावर नंतर भांडू.

आकड्यांचं सांगतो. आमच्या गावात आधी एकच मास्तर रात्रभर जागायचे, २०२१ ला त्यांचा बीपी वाढून त्यांनाच दवाखान्यात न्यायला लागलं, भर पुरात. तेव्हापासून चौघांच्या पाळ्या, तीन-तीन तास. ज्याची पाळी त्यानंच मेसेज टाकायचा, दुसऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही, नाहीतर एकाच तासाचे दोन आकडे फिरतात आणि लोक घाबरतात. आणि यादी वहीत लिहा, तीन प्रती, तीन घरात. लाईट जाते, मोबाईल झोपतो. आज तुम्ही आजारी पडला तर ती यादी कुणाकडं आहे? हे एकदा बघा.

सांधेदुखी_इचलकरंजी: मलाही हाच आजार, नऊ वर्षं झाली. एक गोष्ट वाचताना खटकली म्हणून स्पष्ट लिहिते. रविवार भजनाला, शनिवार कशाला तरी असेल, म्हणून गोळी रविवारी रात्री. म्हणजे सगळ्यांना वार वाटून झाल्यावर उरला तो आजाराला दिला. डॉक्टरांना विचारून वार बदला. माझी शुक्रवारी रात्री असते, शनिवार मी कुणालाच देत नाही. मळमळ फारच असेल तर गोळीच्या जागी इंजेक्शन पण देतात, मला त्यानं बराच फरक पडला, तेही विचारा. पण आपल्या मनानं गोळी पुढं-मागं करू नका आणि चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी डबल तर अजिबात नाही, हे औषध तसलं नाही.

एकादशी निर्जळी करता का? करत असाल तर ते डॉक्टरांना सांगितलंय का? या औषधावर शरीरातलं पाणी कमी होऊन चालत नाही, किडनीवर येतं. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेत असाल तर तेही थांबवा. आणि पुराच्या पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) जंतू असतात, जनावरांच्या लघवीतून येतात, पायाला बारीक चीर असली तरी पुरे. त्या मुलीला तुमची सोबत पाण्यात नकोय, तिला मागून नीट पत्ता सांगणारं माणूस हवंय.

टायपिंगचं म्हणाल तर फोनवर मराठीत बोलून लिहिता येतं, गुगलच्या कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं. जोडाक्षरं चुकतात, पण बोटं वाचतात.

जुनाबुधवार: मी स्वतः २००५ पासून पुरात काम करतोय त्यामुळं कडू लागलं तरी बोलतो. पुराच्या काळात लिहू नका. बोट हवी असते तेव्हा बोट कुणाच्या पैशाची हे बघायला वेळ नसतो. सुतारवाड्यातली माणसं हलवायची वेळ येते तेव्हा मी सगळ्या पक्षांच्या ऑफिसात हात जोडून उभा असतो. तुमचा एक लेख आणि माझा ट्रॅक्टर गेला असं झालं तर मी तरी काय म्हणणार? दादा गप्प बसले ते मोठेपणानं बसले.

मूळ धागाकर्ती: @जुनाबुधवार, तुमचा राग मला कळतो, आणि दादा गप्प का बसले तेही कळतं. पण तुम्हीच सांगा, आमच्या मागच्या गल्लीत २००५ ला पाणी शिरलं नव्हतं. २०१९ ला शिरलं, २०२१ ला परत शिरलं. मधल्या वर्षांत नाल्याकडेला डंपरनं भराव पडताना मी माझ्या गच्चीवरून बघितलाय. तिथल्या आजींना दोनदा खुर्चीत बसवून काढलंय पोरांनी. हे बघितलेल्या माणसानं लिहायचं नाही तर कुणी लिहायचं? मी गप्प बसून ट्रॅक्टर मिळवला तर त्या आजींना तिसऱ्यांदा काढायला तो लागणारच आहे.

@सांधेदुखी_इचलकरंजी, निर्जळीच करत होते. डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. वाचून बराच वेळ बसून राहिले. उद्या फोन करते.

जुनाबुधवार: लिहू नका म्हटलं नाही, पुरात लिहू नका म्हटलं. नालेसफाईची टेंडरं उन्हाळ्यात निघतात, महापालिकेचं बजेट मार्चला. तेव्हा लिहा की, भराव कोरडा असताना फोटो पण नीट येतात. लोक कमी वाचतील, पण ज्यांनी वाचायला पाहिजे ते टेबलावर बसलेले असतात. जुलैत लिहून काय भराव निघतो? आणि आणखी एक, मदत मागायला, पुढाऱ्यांना फोन करायला तुम्ही जाऊ नका. ते दुसऱ्याकडं द्या, आणि गटात एकदा बसून ठरवून टाका की ताईंचं लिखाण ताईंचं. तुमच्यामागं दादांना ते फोनवर सांगता आलं पाहिजे, आत्ता त्यांना काय बोलायचं तेच ठरलेलं नाही म्हणून ते गप्प आहेत.

टाळकरी: रामकृष्णहरी माउली. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून नंदवाळपर्यंत किती वर्षं चालतोय ते मोजायचं सोडलंय आता. गुडघे गेले तेव्हा दोन वर्षं मला पण चालता आलं नाही, फार रडलो. मग आमच्या दिंडीतल्या एकानं वाटेतल्या पुईखडीला गाडीनं आणून सोडलं, रिंगण बघितलं, वाटेतल्या चहाच्या ठिकाणी बसून कप भरून दिले. वारी मोडली असं मला वाटलं नाही. तुम्ही सासूबाईंची वारी चालवता, त्या असत्या तर या बोटांनी तुम्हाला पावसात पताका धरू दिली असती का?

वाभाड्यांचं म्हणाल तर खरं लिहिल्यानं माळेला काही होत नाही. पण रागाचं तुम्ही स्वतःच कबूल केलंत म्हणून एक सांगतो. रात्री लिहिलेलं रात्री पाठवू नका. सकाळी पूजा झाली की देवासमोर मोठ्यानं वाचा. जे वाक्य तिथं वाचताना जीभ अडखळेल ते काढा, बाकीचं बिनधास्त जाऊ दे. आणि त्या वयस्कर माउलींना एकदा घरी चहाला बोलवा, चारचौघात उत्तर देण्यापेक्षा बरं.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस गेले मधे, म्हणून उशीर झाला.

डॉक्टरांनी वार बदलायला हो म्हटलं, आता शनिवारी रात्री, आणि रविवारी सकाळचं भजन महिनाभर सोडून बघणार, संध्याकाळी जमलं तर जाईन. एकादशीला पाणी, दूध आणि फळं घ्यायची असं सांगितलंय, निर्जळी बंद. पहिल्यांदा ऐकताना वाईट वाटलं. वारीला पुईखडीला गाडीनं जाणार, भाच्याला सांगून ठेवलंय.

गटाची बैठक झाली. मी सगळ्यांसमोर दादांची माफी मागितली, लिखाणाची नाही, आधी न सांगता लिहिलं त्याची. ते म्हणाले पुढच्या वेळी आदल्या दिवशी एक फोन कर, म्हणजे मला कुठून शिव्या येणार ते कळेल. ट्रॅक्टरचं अजून ठरलेलं नाही, एका दूध संस्थेतल्या ओळखीनं टेम्पो मिळतोय का बघतायत. पुराच्या पाण्यावरचं लिखाण पावसाळा संपेपर्यंत थांबवायचं हे मात्र मी मान्य केलेलं नाही. भरावावर मार्चमध्ये लिहीन, पण जुलैत कुणी खोटं बोललं तर मी गप्प बसणार नाही, हे त्यांनाही सांगितलं.

रात्रीच्या आकड्यांच्या पाळ्या झाल्या, मला नऊ ते बारा, कारण पहाटे माझ्यानं फोन धरवत नाही.

राहिली यादी. वहीत उतरवताना लक्षात आलं की नंबर लिहून भागत नाही. अमक्या घरातल्या आजी फोन उचलत नाहीत, शेजारच्या किराणा दुकानात लावायचा. तमक्यांना इन्सुलिनचा डबा बर्फासकट घ्यायला आठवण करायची. एक काका घर सोडतच नाहीत, त्यांना फक्त त्यांच्या मुंबईच्या मुलीचा आवाज चालतो. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. आता संध्याकाळी गटातली ती पोहणारी मुलगी येते, मी बोलते, ती लिहिते. चौसष्ट घरांपैकी एकतीस झाली. तिचं अक्षर चांगलं आहे आणि ती मला अशा गोष्टी विचारते ज्या मी कधी त्या घरांना विचारल्याच नव्हत्या. काल तिनं विचारलं, ताई, यांच्याकडं मांजर आहे का, गेल्या वेळी एक बाई मांजरासाठी परत फिरली होती. आता मांजराचा पण रकाना केलाय.

@नदीकाठचा_शिरोळ, तुमच्या वहीत जनावरांचं कसं लिहिता, घराप्रमाणे की गोठ्याप्रमाणे? आमच्याकडं दोन घरांच्या म्हशी तिसऱ्याच्या गोठ्यात असतात, तिथं आम्ही अडलोय.